कुंडीतल्या लिंबाची पानं गळतायत. आईला गावाहून रोप आणायला सांगू का?

नमस्कार मंडळी,
आमचं कुंडीतलं कागदी लिंबू उन्हाळाभर बाल्कनीत छान होतं. थंडी पडायच्या आत घरात घेतलं, दक्षिणेच्या मोठ्या खिडकीशी फरशीवर ठेवलं. ऊन भरपूर, पाणी रोज, तरी हिरवीच पानं गळतायत. पुढच्या महिन्यात आई गुहागरहून येतेय. परसातल्या लिंबाचं रोप आणि कढीपत्त्याची फांदी बॅगेत घालून आण म्हणू का? तिकडचं झाड चिवट असेल ना?
(अमेरिकेतल्या नेपरव्हिलहून)

---

अगं, आधी आईला फोन कर आणि दोन्ही आणू नको म्हणून सांग. मी गुहागरातूनच लिहितोय. इथे दमट हवेत लिंबावर खैऱ्या रोग (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा) सर्रास दिसतो. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, आणि सिट्रस सिला ही बारीक कीड त्याच्यावर फार खूश. तीच ग्रीनिंग नावाचा, लिंबाच्या कुळातली झाडं मारणारा रोग पसरवते. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि पुढे संत्र्याच्या बागाच्या बागा गेल्या. ताजा कढीपत्ता आणि लिंबाची रोपं भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे ती यासाठीच. कृपा करून कुणीही लपवून नेऊ नका.

शिवाय गरजही नाही. तिथे मेक्सिकन किराण्यात मिळणारं छोटं, गोल की लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्याची बी लाव. एका बीतून बहुधा दोन-तीन कोंब येतात आणि बहुतेक मूळ झाडासारखेच निघतात. पपनसाचं तसं होत नाही. फळाला मात्र काही वर्षं थांबावं लागेल.

चिवटपणाचं म्हणशील, तर कागदी लिंबू या कुळातलं अगदी नाजूक, कोकणातलं असो की कुठलंही. थंडी सोसणारं हवं तर मायर लेमन घे. फ्रँक मायर यांनी ते १९०८ मध्ये चीनमधून अमेरिकेत नेलं.

आता तुझं झाड. वर उन्हाने पानं तापतात आणि पाणी मागतात. खाली फरशीमुळे कुंडीतली माती गार. साधारण १३ अंशांखाली लिंबाची मुळं जवळजवळ थांबतात. पाणी वर चढत नाही, मग झाड पानं टाकतं. त्यात तू रोज पाणी घालतेस, म्हणजे गार चिखलात मुळं कुजणार. इथे पौषातसुद्धा जमीन उबदार असते, म्हणून आईला हा प्रकार बघून नवल वाटेल. कुंडी फळीवर उचलून ठेव, काचेपासून जरा लांब. बोटाची दोन पेरं माती सुकली की मगच कोमट पाणी, आणि ताटलीत साचलेलं ओतून दे. जमलं तर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा खास दिवा, बारा तास.
(गुहागरहून, काका)

---

काका, कुंडी उचलली. आईलाही सांगितलं, ती थोडी हिरमुसली. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतोय, तो कशाने?
(नेपरव्हिल)

---

लोह मिळत नाहीये. तिथलं नळाचं पाणी जड, चुनखडीचं, त्यामुळे मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. शक्य तेव्हा पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी कोमट करून घाल. सिट्रसचं, म्हणजे लिंबाच्या कुळासाठीचं, खत मिळतं त्यात लोह असतं, पण ते फेब्रुवारीनंतर, नवी पालवी दिसली की. तोवर हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा पानं खालच्या बाजूने धू. रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्या की बाहेर काढ, पण पहिला आठवडा सावलीतच.
(काका)