गावचं कौलारू घर दुरुस्त करायचंय – स्लॅब, पत्रा की कौलंच ठेवायची?

ओटीवरचा_झोपाळा

नमस्कार मंडळी, लांजा तालुक्यात आमचं जुनं घर आहे. आजोबांनी 1962 साली बांधलंय, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती मातीत रचलेल्या, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, ओटी, मग माजघर, दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि मागे स्वैपाकघर नि न्हाणीघर. आईबाबा बाबांच्या रिटायरमेंटनंतर कायमचे तिकडेच आहेत, मी आणि भाऊ डोंबिवलीला.

आता रडगाणं. माजघरात मार्च ते मे दुपारी बसवत नाही, पूर्वी वर लाकडी माळा होता तो वाळवी लागली म्हणून बाबांनी काढला, आता खाली बसलं की थेट कौलं दिसतात. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत ओली, चार वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून महागातला वॉटरप्रूफ रंग मारला तो आतून पापुद्रे सोडतोय. दोन-तीन वासे पोकळ वाजतात. वायरिंग लाकडी पट्टीवरचं, अर्थिंग आहे की नाही देव जाणे. आणि संडास अंगणापलीकडे, आईचे गुडघे गेलेत, रात्री पावसात छत्री-बॅटरी घेऊन जायचं म्हणजे कठीण.

एक कंत्राटदार म्हणतो सगळं उतरवा, स्लॅब टाका, 14 लाख. दुसरा म्हणतो कौलं काढून लोखंडी ट्रसवर (सांगाड्यावर) रंगीत पत्रा. भाऊ म्हणतो आधी सोलर, सबसिडी आहे. आमच्याकडे ओढूनताणून सात लाख आहेत. पुढेमागे होमस्टे करायचा किंवा विकायची वेळ आली तर किंमत यावी हेही डोक्यात आहे. काय आधी करावं?

ता.क. बरीच कौलं उलटी केली की त्यावर बासेल मिशन आणि 1865 असं कोरलेलं आहे. कौलं खरंच इतकी जुनी?

---

चिरा_आणि_चुना

1865 हे कौलाचं वय नाही, मंगलोरला बासेल मिशनचा (स्वित्झर्लंडच्या मिशनऱ्यांचा) कौलांचा कारखाना त्या साली निघाला, तो त्यांचा छाप आहे, नंतरच्या कौलांवरही तोच यायचा. पण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते कारखाने मिशनच्या हातून गेले, त्यामुळे छाप खरा असेल तर कौलं शंभरीची असणार, म्हणजे आजोबांनी बहुतेक आधीच्या घरावरची उतरवून इकडे चढवली. एक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ते तुमच्या माझ्यापेक्षा जास्त टिकेल. भंगारात देऊ नका, रिसॉर्टवाले शोधत फिरतात.

आता स्लॅब. साधा हिशोब बघा, शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो, लाकूड वेगळं. तेवढ्याच जागेवर पाच इंची स्लॅब म्हणजे जवळजवळ तीन टन. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर हे वजन ठेवणार कसं? कॉलम काढावे लागतील, पाया खणावा लागेल, मग ती दुरुस्ती राहत नाही, नवीन घर होतं आणि 14 लाखांत ते होणार नाही, हा आकडा काम सुरू करून घेण्यापुरता आहे. शिवाय उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. आमच्या गावात स्लॅब टाकलेल्या निम्म्या घरांवर दहा वर्षांत पुन्हा पत्र्याची शेड आली आहे, गळतो म्हणून. म्हणजे दोनदा खर्च.

तुमच्या उकाड्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, माळा. जुन्या माणसांनी माळा फक्त नारळ नि सुपारी ठेवायला केला नव्हता. कौल तापतं, ती उष्णता खाली फेकतं, मध्ये माळा असला की ती तिथेच अडते आणि वरची गरम हवा कौलांच्या फटीतून निघून जाते. माळा गेला आणि तुम्ही थेट तव्याखाली बसलात. तो परत करा. साग परवडत नसेल तर लोखंडी चौकट करून वर सिमेंट बोर्ड किंवा चांगला मरीन प्लाय, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीत वर जाळी ठेवा, पाखरं-वटवाघळं येऊ नयेत म्हणून आतून बारीक तारेची. ही जाळी विसरलात तर वर हवा कोंडेल आणि अर्धा फायदा गेला. कौलं उतरवणारच असाल तर रिपांखाली (कौलं ज्यावर बसतात त्या लाकडी पट्ट्यांखाली) अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा थर घालून घ्या, फक्त फॉइल आणि कौल यांच्यात इंचभर मोकळी जागा हवी, चिकटून बसवली तर ती काही कामाची नाही. गळालेलं पाणीही फॉइलवरून वळचणीपर्यंत जातं, हा वरचा फायदा.

ओल. चिरा पाणी पितो, तो त्याचा स्वभाव, पण पितो तसा सोडतोही. बाहेरून सिमेंट आणि वॉटरप्रूफ रंगाने तोंड बंद केलं की जमिनीतून चढलेलं पाणी बाहेर जायला वाट शोधतं आणि ती वाट आतून मिळते, म्हणून पापुद्रे आत. ते प्लास्टर खालून तीन-साडेतीन फूट ठोकून काढा, दर्जातली, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतली, भुसभुशीत माती खरवडा, आणि चुन्याने दर्जा भरा. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री मिळाला नाही तर एक सिमेंट, एक चुना, सहा रेती असं मिश्रण चालतं, निव्वळ सिमेंट नको. वर चुन्याचा हात. दर दोन वर्षांनी द्यावा लागतो, पण एका दिवसाचं काम आहे.

त्याआधी मात्र पागोळ्या कुठे पडतात ते बघा. बहुतेक घरांत अंगण भर घालून घालून जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं आणि पागोळीचे शिंतोडे भिंतीवर उडतात. अंगण उतरवा, पागोळीच्या रेषेत चर काढून त्यात गोटे टाका, उतार घरापासून लांब द्या. यात पैसे फार जात नाहीत आणि अर्धी ओल इथेच थांबते. पश्चिमेला झड लागते तिथे वळचण फूटभर पुढे वाढवा.

आणि घाई करू नका, भिंत पावसाळा संपल्यावर सुकायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो, दिवाळीला दर्जा भरायला घेतलात तर ओल आतच राहील.

---

देवबागचो_म्हातारो

वरच्यांनी सगळं बरोबर लिहिलंन पण माकडांचा काय करतलात?

मी चेष्टा करत नाही. आमच्याकडे वर्षाला शे-दीडशे कौलं माकडं फोडतात. पूर्वी दर वर्षी मे महिन्यात घर शाकारायला गडी यायचे, कौलं उतरवून झाडून पुन्हा लावायचे, आता तो माणूसच मिळत नाही, मिळाला तर मागेल ती मजुरी द्या आणि वर पाय ठेवून चार कौलं तोच फोडणार. तौक्ते वादळात, 2021 च्या मेमध्ये, आमच्या वाडीत कौलं पत्त्यासारखी उडाली आणि लगेच जूनचा पाऊस डोक्यावर. त्यानंतर मी पत्रा घातला. सत्तरीतल्या आईबाबांनी शिडीवर चढायचं का? कौलारू घराचं कौतुक करणारे बहुतेक शहरात राहतात.

गरम होतं हे खरं, पावसात टीव्ही ऐकू येत नाही हेही खरं. पण रात्री अंथरुणात पाणी येत नाही. मी तरी झोपतो.

---

चिरा_आणि_चुना

काका तुमचा मुद्दा मान्य, शाकारणीला माणूस नाही हे आज कोकणातल्या कौलांचं खरं मरण आहे. मधला मार्ग लोक करतात तो असा, खाली पत्रा आणि त्यावर रिपा मारून तीच जुनी कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, पत्र्यावर थेट ऊन नाही म्हणून तापत नाही, आवाजही दबतो. फॉइलचीही मग गरज नाही. खर्च दोन्हीचा होतो हे खरं, पण कौलं घरचीच आहेत. वासे मात्र तपासून. आणि वळचणीच्या दोन ओळी नि आढ्यावरची कौलं तारेने बांधा, 2020 च्या निसर्ग वादळात दापोलीकडे जी छपरं मी नंतर पाहिली त्यात कडेची उचलली गेली की मागची सगळी गेली होती.

---

लेस्टरकर

मूळचा देवरुखचा, इकडे इंग्लंडात लेस्टरला 1930 च्या आसपासचं विटांचं घर आहे आमचं. इथे पहिलं काम म्हणजे माळ्यावर ऊब अडवणारी 270 मिलिमीटर जाडीची काचेची वगैरे लोकर अंथरायची, फटी बुजवायच्या, डबल काच. घर विकताना ए पासून जी पर्यंत ग्रेड असलेलं एनर्जी सर्टिफिकेट द्यावं लागतं, गिऱ्हाईक ते बघून भाव पाडतं. तुम्ही पण खिडक्या-दारं सील करून भिंतींना आतून थर्माकोल लावायचा विचार केलात का? एसी लावलात तर बिल कमी येईल.

---

सुरंगीचा_वळेसर

लेस्टरकर दादा, तुमच्याकडे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, आमच्याकडे आतला दमट वास बाहेर घालवायचाय! लांज्यात जुलै महिन्यात फटी बुजवलेल्या घरात चार दिवस राहून दाखवा, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, आणि भिंतीला थर्माकोल म्हणजे वाळवीला नि उंदराला बंगला बांधून दिल्यासारखं. एसी हवाच असेल तर एकाच खोलीला, तिला खाली पक्कं छत करून. बाकी घर वाऱ्यावर सोडा. समोरासमोरच्या खिडक्यांपुढची कपाटं हलवली तरी फरक पडतो.

झोपाळा दादा, मी सासूबाईंचं सगळं करते म्हणून सांगते, छप्पर-बिप्पर ठीक आहे पण पहिला रुपया संडासावर घाला. मागच्या पडवीचा एक कोपरा घ्या, आईंच्या खोलीतून दोन पावलांवर, उंबरठा नको, दार बाहेर उघडणारं आणि निदान अडीच फुटी, कमोडच्या शेजारी भिंतीला दांडी. चिऱ्याच्या भिंतीत साध्या स्क्रूवर दांडी बसवू नका, हाताला निघून येते, आरपार बोल्ट घ्या. आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि तिच्या खालच्या, उताराच्या बाजूला. चिऱ्याची जमीन चाळणीसारखी आहे. वाळवीचं औषध जमिनीत मारणारे येतील त्यांनाही विहीर आधी दाखवा.

फरशी बदलू नका. चकचकीत टाइल्स मृगात घामतात आणि म्हातारी माणसं घसरतात. लाल कोबा असेल तर तोच घासून घ्या.

---

फेज_न्यूट्रल

सोलरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आधी आईबाबांचं वर्षभराचं बिल काढा. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 आणि 3 किंवा जास्तीला 78 हजार सबसिडी आहे, पण सबसिडी आहे म्हणून घेणं म्हणजे सेल लागलाय म्हणून फ्रिज घेणं झालं. गावात दोन माणसांचं घर महिन्याला 80-90 युनिटच्या आत असतं, आणि महावितरणचा पहिल्या 100 युनिटचा दर स्वस्त आहे, खरी कुऱ्हाड 100 च्या वर पडते. 1 किलोवॅट पॅनल महिन्याला 100-120 युनिट देतं, पावसात त्याहून खूप कमी, आणि शेजारच्या माडाची सावली पडली तर सगळंच ओंफस. होमस्टे सुरू केलात, दोन एसी लागले, की मग घ्या. पॅनलची चौकट कौलावर टेकवायची नाही, हुक वाशाला बोल्ट करतात, म्हणून वासे बदलतानाच इलेक्ट्रिशियनला बोलवून जागा ठरवून ठेवा. नाहीतर नंतर तीच कौलं परत उतरवायची.

तोवर पंखे बदला. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) 30 च्या आसपास. चार पंखे, दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला 54 युनिट वाचतात. बिल 100 च्या वर जात असेल तर एवढ्याने तुम्ही आत याल, आणि इन्व्हर्टरवर पंखा दुप्पट वेळ चालेल, जे पावसाळ्यात लाइट गेल्यावर कळतं.

पण या सगळ्याआधी वायरिंग. लाकडी पट्टी, ओली भिंत आणि अर्थिंगचा पत्ता नाही, हे मिश्रण जिवावरचं आहे. नवीन मेन बोर्ड, 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंगचा खड्डा, हे छपराची वाट न बघता या महिन्यात करून घ्या. पाइप भिंतीबाहेरून न्या, चिरा फोडून आत घालू नका.

---

ओटीवरचा_झोपाळा

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी समजावलं नव्हतं. काल बाबांशी फोनवर बोललो, ते म्हणाले अंगणात भर मीच घातली, दर वर्षी एक ट्रॅक्टर, गाडी लावायला बरी म्हणून! म्हणजे आता जोतं जेमतेम वीतभर उरलंय.

ठरवलंय असं, वायरिंग आणि संडास लगेच, अंगण उतरवणं आणि चर पावसाच्या आधी, भिंत आणि छप्पर पुढच्या हंगामात. वासे पोकळ आहेत ते बदलायचे तर लाकूड कुठलं घ्यावं? आणि घर विकताना कौलारूला किंमत येते का यावर कोणीच बोललं नाही.

---

चिरा_आणि_चुना

वाड्यातला फणस किंवा आईन मिळत असेल तर उत्तम, सुकलेला हवा, हिरवा लावलात तर वाकतो. पण झाड तोडायचं तर आधी वनखात्याची परवानगी लागते का ते बघा. वाशाची भिंतीत जाणारी टोकं आधी कुजतात, त्यांना काजूच्या टरफलांचं तेल दोन हात. हाताला लागू देऊ नका, कातडी सोलून निघते. पैसे कमी पडले तर लोखंडी चौकोनी पाइपही चालतो, त्यात कमीपणा नाही.

किमतीचं म्हणाल तर गिऱ्हाईक दोन प्रकारचं. गावातलाच घेणार असेल तर तो जमिनीचे पैसे देतो, घर फुकट धरतो, वर स्लॅब असो की कौल. मुंबई-पुण्याचा असेल तर त्याला कौलं, ओटी, उघडा चिरा हेच हवं असतं, फक्त आत स्वच्छ संडास आणि न गळणारं छप्पर पाहिजे.

---

सुरंगीचा_वळेसर

आणि तो आधी कागद मागतो. दादा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याला घर कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल आणि काका-आत्या आहेत, तर सात लाख घालायच्या आधी गणपतीत सगळे जमतील तेव्हा बोलून, लिहून घ्या. छप्पर नवीन झालं की हिस्से आठवतात लोकांना.

---

ओटीवरचा_झोपाळा

आजोबांच्याच नावावर आहे. दोन काका, एक आत्या. आत्या सोपी आहे, मोठे काका तसे सोपे नाहीत. वायरिंगवाला सोमवारी येतोय, तेवढं तरी कोणाला न विचारता करतो.