पाव, सर्कस आणि बुडालेलं रोम : मराठी शब्द सुचवा

शाईचा डाग

आमच्या वाचनालयात रोमवर तीन बैठका ठरल्या आहेत: राज्यकारभार, लोकजीवन आणि शेवट. वाटायला चार पानी टिपण मी लिहितोय आणि शब्दांत अडकलोय. शब्दकोशातला शब्द ठेवला की वाक्य बरोबर दिसतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र उभं राहतं. सध्या अडलेले शब्द असे:

१. 'डिक्टेटर'ला हुकूमशहा लिहू का?
२. 'पानेम एत किर्केन्सेस' हा प्रसिद्ध वाक्प्रचार. 'भाकरी आणि सर्कशी' असं एका जुन्या कात्रणात सापडलं, पण कानाला खटकतं.
३. रोमचा शेवट मानतात त्या इ.स. ४७६ ला 'पतन' म्हणायचं का?

जाता जाता: 'सिनेट'ला राज्यसभा म्हणा असं एकाने सुचवलं. मी नाही म्हणालो. बरोबर केलं ना?

मोडीवाचक

सिनेटबद्दल बरोबर केलंत. राज्यसभेत माणूस निवडून जातो, सहा वर्षांनी उठतो. रोममध्ये मोठ्या पदावर राहून आलेला माणूस सिनेटमध्ये बसायचा तो बहुतेक मरेपर्यंत. शिवाय सिनेट कायदा करत नव्हती, सल्ला द्यायची. तो सल्ला मोडायची छाती मात्र फार थोड्यांची होती. 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, त्यावरून सिनेट. 'ज्येष्ठसभा' चालेल. 'अधिसभा' नको, त्याने विद्यापीठाच्या निवडणुका आठवतात.

आता डिक्टेटर. हुकूमशहा अजिबात लिहू नका. या शब्दात 'शहा' बसलाय, आणि रोमन माणसाला सगळ्यात जास्त तिटकारा होता तो राजा या शब्दाचाच. राजाला हाकलून त्यांनी दोन कॉन्सल नेमले, तेही वर्षभरासाठी आणि एकाने दुसऱ्याला अडवता येईल असे. दोघांनी निभेना अशी वेळ आली तर एकाच्या हाती सगळं द्यायचं, जास्तीत जास्त सहा महिने. तो डिक्टेटर. इ.स.पू. ४५८ ची सिन्सिनाटसची कथा प्रसिद्ध आहे: नांगर सोडून आला, सोळाव्या दिवशी पद सोडून पुन्हा शेतावर गेला. कथेत भर असेल, पण आदर्श कसला होता ते कळतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत घुसला तेव्हा, इ.स.पू. २१७ मध्ये, फेबियसला नेमलं तेही याच पद्धतीने.

माझ्या मते शब्द आहे सर्वाधिकारी. तो मराठीत वापरून झालेला आहे. १९३८-३९ च्या हैदराबाद सत्याग्रहात आर्य समाजाने एकामागून एक 'सर्वाधिकारी' नेमले होते. एक पकडला गेला की दुसरा पुढे. नेमलेला, कामापुरता, पण त्या कामात अंतिम शब्द त्याचा. रोमन पद याच्या बरंच जवळ जातं.

शाईचा डाग

पण मग सीझर? तो तर तहहयात डिक्टेटर झाला.

मोडीवाचक

तिथेच तर गंमत आहे. सुला या सेनापतीने इ.स.पू. ८२ मध्ये मुदतच काढून टाकली, सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये 'कायमचा' हे विशेषण जोडलं आणि काही आठवड्यांत त्याचा खून झाला. 'तहहयात सर्वाधिकारी' असं लिहा. वाचणाऱ्याला खडा लागला पाहिजे, कारण तो त्यांनाही लागला होता. सुरुवातीपासून हुकूमशहा लिहिलंत तर सीझरने वेगळं काय केलं ते दिसणारच नाही.

एक अवांतर. 'डिक्टेटर'च्या मुळाशी आहे 'सांगणे'. 'हुकूम करणे' ज्याच्या मुळाशी आहे तो शब्द 'इम्पेरातोर', म्हणजे ज्याला आपण सम्राट म्हणतो तो. आपले दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत.

रिकामी पाटी

यादीत नाही, पण 'उमेदवार'वर एक चौकट टाका. 'कांदिदुस' म्हणजे पांढराशुभ्र. निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरी केलेली तोगा घालून चौकात हिंडायचा, म्हणून तो 'कांदिदातुस', इंग्रजीतला कॅन्डिडेट. आपला उमेदवार फारसीतून आला, उमेद बाळगणारा. त्यांनी त्याचे कपडे पाहिले, आपण त्याचं मन पाहिलं. पांढरे कपडे आपल्याकडे नंतर आलेच म्हणा.

आणि पाँपेईच्या भिंती विसरू नका. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेल्यामुळे निवडणुकीची रंगवलेली आवाहनं दोन हजारांच्या वर टिकली आहेत. फळवाले, खेचरं हाकणारे असे सगळे कुणाची ना कुणाची शिफारस करतात. वाटिया नावाच्या उमेदवारासाठी एका भिंतीवर लिहिलंय, 'रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या सर्व मंडळींचा पाठिंबा'. दुसरीकडे त्यालाच भुरट्या चोरांचा पाठिंबा. हे विरोधकांचं काम असावं असं बरेच जण मानतात. तो 'एडाइल' पदासाठी उभा होता: बाजार, रस्ते, वजनंमापं. पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल बऱ्याच अंशी हेच करायचा, फक्त त्याला मतं मागावी लागत नव्हती.

पोयीवाली

दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोलेना म्हणून लिहिते. भाकरी का? तुमच्या हातात त्या लॅटिन शब्दाचा सख्खा वारस आहे की! 'पानेम'वरून पोर्तुगीज 'पांव', आणि त्यावरून आपला पाव. हा वाक्प्रचार ज्याचा, त्या रोमन कवी जुवेनालने लिहिलेला तोच शब्द आमच्या दारात रोज पहाटे सायकलवरून येतो, भोंगा वाजवत. आणणारा पोदेर, तोही पोर्तुगीज 'पादैरु', म्हणजे त्याच घराण्यातला.

शेजारचा बाक

मी तर ऐकलंय की पायाने तुडवून पीठ मळायचे म्हणून पाव!

पोयीवाली

दादा, हे लहानपणी आम्हालाही सांगितलंय, बहुतेक आम्ही कमी खावा म्हणून. व्युत्पत्ती म्हणून त्यात काही तथ्य नाही. पावशेरातला पाव मात्र वेगळा, तो संस्कृत 'पाद'वरून, चौथा हिस्सा. त्याची आणि या पावाची भेट फक्त दुकानात होते.

मोडीवाचक

पोयीवालींचं म्हणणं व्युत्पत्तीला धरून आहे, पण अर्थाला नाही. जुवेनाल लिहीत होता इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा रोममध्ये पाव वाटत नव्हते, गहू वाटत होते. गायस ग्राकस या लोकनेत्याने इ.स.पू. १२३ मध्ये स्वस्त दराने सुरू केलं, तशाच क्लोडियसने इ.स.पू. ५८ मध्ये फुकट केलं. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात यादीवर दोन लाखांच्या आसपास नावं होती. माणशी महिन्याला पाच मोदी (धान्याचं रोमन माप), म्हणजे साधारण ३३ किलो. भाजलेला पाव द्यायला लागले ते सम्राट ऑरेलियनच्या काळी, २७० नंतर. आणि हे गरिबांसाठीचं दान नव्हतं. रोममध्ये राहणारा नागरिक असणं आणि यादीत नाव असणं ही अट होती. याला मराठीत एकच शब्द आहे, रेशन. तोही लॅटिन 'रातिओ'वरूनच निघालेला, तेव्हा घराणं सुटत नाही.

रिकामी पाटी

आणि सर्कस? 'किर्कुस' म्हणजे वर्तुळ, मग धावपट्टी. सर्कस मॅक्सिमसमध्ये रथ पळायचे. लाल, पांढरे, निळे, हिरवे असे चार संघ, आणि लोक त्यांच्यापायी डोकी फोडायला तयार. विदूषक आणि झोके यांचा काही संबंध नाही. वाघ-सिंह असत, पण तो खेळ मुख्यतः शिकारीचा, त्यातून प्राणी जिवंत परतायची शक्यता कमी. मराठी माणूस 'सर्कस' वाचतो तेव्हा त्याला तंबू दिसतो.

तसा घोड्याचा धागा आहे. आपल्या सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे घोडे शिकवणारेच होते. कियारिनीची इटालियन सर्कस मुंबईत आली, ती पाहून त्यांनी १८८० मध्ये स्वतःची काढली. पण टिपणात एवढं सांगत बसलात तर रोम बाजूलाच राहील.

शाईचा डाग

मग 'रेशन आणि शर्यती'?

मोडीवाचक

मला पटतं. पण ज्या वाक्यात हा वाक्प्रचार आहे ते पूर्ण द्या, नाहीतर 'लोकांना फुकट दिलं की लोक बिघडतात' एवढंच वाचलं जातं. जुवेनाल म्हणतो ते साधारण असं: आपण कुणाला मतं विकेनासे झालो तेव्हापासून या लोकांनी काळजीच सोडली, एकेकाळी अधिकार, सैन्य, सगळं जे वाटायचे, ते आता दोनच गोष्टींसाठी जीव टाकतात. 'मतं विकेनासे झालो' हा टोमणा बघा. लोकांनी मतं विकणं थांबवलं ते सज्जन झाले म्हणून नव्हे. इ.स. १४ मध्ये सम्राट तिबेरियसने अधिकाऱ्यांची निवड लोकांकडून काढून सिनेटकडे नेली, विकायला मतच उरलं नाही. तुमची पहिली बैठक आणि दुसरी बैठक या एका वाक्यात जोडली जातात.

पोयीवाली

ठीक, रेशन घ्या. पण पावाची चौकट टाकाच. वाचनालयात चहाबरोबर काय ठेवणार आहात?

शाईचा डाग

खारी 😀 चौकट टाकतो.

आता तिसरा प्रश्न. 'पतन' का नको वाटतं सांगतो. पतन म्हणजे वरून खाली, धाडकन. शिवाय त्याला नैतिक वास आहे, 'पतित'सारखा. लोक लगेच म्हणणार, ऐषोआरामाने गेले.

मोडीवाचक

आपल्याकडे राज्याचं काय होतं? राज्य बुडतं. 'पेशवाई बुडाली' म्हणतो, पेशवाईचं पतन झालं असं घरात कुणी म्हणत नाही. बुडण्याआधी उतरती कळा लागते. रोमसाठी हे दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या जागी. उतरती कळा कधी? २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले, बहुतेक आपल्याच सैनिकांच्या हातून मेले. चांदीच्या नाण्यात चांदी शेकडा पाचाच्याही खाली गेली. पुढे डायोक्लेशनने सावरलं, कॉन्स्टंटाइनने नवी राजधानी केली. कळा उतरते तशी चढतेही, म्हणून हा शब्द चांगला. मग ३७८ चा आड्रियानोपलचा गॉथांकडून झालेला पराभव, ४१० मध्ये गॉथ राजा अलारिकने केलेली रोमची लूट, हातची गेलेली आफ्रिका, म्हणजे गहू आणि महसूल दोन्ही.

४७६ ला 'बुडालं' लिहा, पण 'पश्चिमेकडचं राज्य बुडालं' असं. पूर्वेकडचं १४५३ पर्यंत चाललं, आणि तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणत. त्यावरून अरबी-फारसीत 'रूम', आणि आपल्या जुन्या कागदांतलं 'रूमशाम'. तोवर तिथे तुर्क बसले होते, नाव तेच राहिलं. काष्ठौषधींच्या दुकानात अजून 'रुमी मस्तकी' मागा, ग्रीसच्या एका बेटावरचा डिंक मिळेल.

रिकामी पाटी

बुडालं म्हणताय, पण पाणी चढायला वेळ लागला. ओडोएकर या जर्मन सेनानीने ४७६ मध्ये शेवटच्या सम्राटाला उतरवलं, राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली. सिनेट बसत राहिली, कॉन्सल नेमले जात राहिले. तुमच्या त्या शर्यतींचं सांगू? सर्कस मॅक्सिमसमधली माहीत असलेली शेवटची शर्यत ५४९ मधली, तीही तोतिला या गॉथ राजाने लावलेली. म्हणजे राज्य बुडाल्यावर ७३ वर्षं घोडे पळतच होते.

पोयीवाली

त्या शेवटच्या सम्राटाचं नाव काय हो?

रिकामी पाटी

रोम्युलस ऑगस्टुलस. नाण्यांवर ऑगस्टसच आहे. 'ऑगस्टुलस' हे लोकांनी ठेवलेलं नाव, शेवटचा प्रत्यय लहानपणा दाखवणारा. पोरगाच होता, खरी सत्ता बापाच्या हातात. ओडोएकरने बापाला मारलं. पोराचं कोवळं वय आणि देखणं रूप पाहून त्याला सोडलं, आणि वर्षाला ६,००० सोन्याची नाणी लावून नातेवाइकांकडे कांपानियात पाठवलं.

याला मराठीत काय लिहाल?

मोडीवाचक

तान्हुला, सानुला, तसा ऑगस्टुला. दोन्ही प्रत्यय एकाच मुळाचे आहेत असा माझा दावा नाही, पण इतकं फुकट मिळत असेल तर घ्या की.

शाईचा डाग

घेतलं. छापायला आज टाकतो. खारीऐवजी पाव आणतोय, पोयीवाली ताई, पण आमच्याकडे लादीपावच मिळतो.