‘सामायिक’, ‘सामाईक’ की ‘समान’?

अनुवादिनी: पॅसिफिकमधल्या बेटदेशांच्या सहकार्यावरचा लेख मराठीत आणतेय. १९७१ साली वेलिंग्टनला सात देश एकत्र बसले, त्यातून झालेल्या ‘पॅसिफिक आयलंड्स फोरम’ या मंचावर आज १८ सदस्य आहेत. ‘त्यांचे विकासाचे प्रश्न सामायिक आहेत’ असं मी लिहिलं, संपादकांनी ‘समान’ केलं. मला पटत नाही. किरिबाटीकडे जमीन ८११ चौरस किलोमीटर, पापुआ न्यू गिनीत डोंगर आणि खाणी. प्रश्न समान कुठले? पण टूना माशांचे थवे दोघांच्याही पाण्यातून जातात. यासाठी नेमका शब्द हवाय.

पाटकरी: ‘सामाईक’ लिहा. सातबाऱ्यावर ‘सामाईक क्षेत्र’च असतं. आमची विहीर चार घरांत सामाईक आहे. सोमवार-मंगळवार थोरल्या घराची पाळी, मग आमची. भलत्या दिवशी कुणी मोटर चालू केली की बायामाणसांसकट सगळे बांधावर. जिची पाळी लावावी लागते ती वस्तू सामाईक. समान गोष्टीला पाळी लागत नाही.

मात्रावेलांटी: शब्द ‘सामायिक’च. बोलताना ‘य’ गळतो म्हणून लिहितानाही गाळायचा का? तलाठी लिहितो ते प्रमाण नव्हे.

पाटकरी: मग शाळेचं पुस्तक? मसावि म्हणजे ‘महत्तम सामाईक विभाजक’. सगळ्यांनी घोकलंय.

रविवार_पेठ: आमच्या शेजारच्या जैन आजी रोज ४८ मिनिटं ‘सामायिक’ करतात, म्हणजे समभावात बसतात. मला वाटतं ‘सम’ हेच मूळ, त्यामुळे संपादकही अगदी चूक नाहीत.

अनुवादिनी: पाटकरीदादा, ‘पाळी’ने माझी दुसरी अडचण सुटेल असं दिसतंय. १९८२च्या नाऊरू करारातले आठ देश टूना धरायचे वर्षाचे एकूण दिवस ठरवतात, आपसात वाटून घेतात आणि परदेशी बोटींना दिवसावर विकतात. एका दिवसाचा किमान दर ८,००० अमेरिकी डॉलर ठरलेला. सगळ्यांनी मिळून दर धरला, म्हणून बोटवाल्यांना एकेका देशाला वेगळं गाठून भाव पाडणं अवघड झालं. अशा विकल्या जाणाऱ्या दिवसाला मी ‘नौका-दिवस’ लिहिलं होतं, ते फार कोरडं वाटतं.

वसईकर: ‘पाळी’ नको. पाळी आपण वापरतो, विकत नाही.

पाटकरी: विकतात की! गव्हाला शेवटचं पाणी कमी पडलं तेव्हा वडिलांनी चुलत्यांची पाळी विकत घेतली होती.

वसईकर: विहिरीतलं पाणी जागेवर असतं, मासळी चालती. समुद्राला बांध नाही. आम्ही १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून ठेवतो. बंदी एकाने पाळून भागत नाही, शेजाऱ्यानेही पाळावी लागते. त्याला आम्ही नुसतं ‘सगळ्यांचं’ म्हणतो.

मात्रावेलांटी: मुळात ‘बेटदेश’ काय? ‘लघु द्वीपराष्ट्रे’ म्हणा. द्वीप म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी.

अनुवादिनी: ‘लघु’ नको हो. किरिबाटीच्या हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. तिकडचे नेते स्वतःच्या देशांना ‘मोठे महासागरी देश’ म्हणवतात.

मांडवीपार: आमच्या गोव्यात नदीतल्या बेटाला ‘जुवें’ म्हणतात, त्या नावाचं गावच आहे. हा शब्द कोकणात मालवणच्या बाजूलाही ऐकलाय का कुणी?

वसईकर: ‘जू’ ऐकलंय, खाडीतल्या बेटासाठी. आजी म्हणायची. पण ते हेच का?