अनुबियासवरचं काळं शेवाळ

फिश टँकमधल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर काळे केस आलेत, त्यावर कुणीतरी लाईट रोज चार तासांवर आणा, असं सुचवलंय. आणा, हरकत नाही, पण पानांच्या कडेचे काळे केस तेवढ्यानं जाणार नाहीत. हे 'ब्लॅक बिअर्ड', दिसायला काळं असलं तरी लाल शेवाळाच्या कुळातलं. एक पान कापून स्पिरिटमध्ये ठेवा; केस लालसर झाले की ओळख पटली. कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या हिरव्या पाण्याचा दाखला कुणीतरी दिलाय, पण तो प्रकारच वेगळा, निळं-हिरवं शेवाळ. टाकीतलं निळं-हिरवं शेवाळ सायीसारखं सोलून निघतं आणि घाण वास मारतं. हे काळं बोटानं घासूनही निघत नाही.

जास्त माखलेली जुनी पानं सरळ कापा, अनुबियासला काही होत नाही. बाकीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तितकंच पाणी घालायचं. फिल्टर बंद करून, बिनसुईच्या सिरिंजनं थेट केसांवर सोडा. हे मिश्रण टाकीतल्या पाण्याच्या दर लिटरमागे १ मिलीच्या वर नको. थोड्या वेळानं फिल्टर सुरू. दोन-तीन दिवसांत केस गुलाबी पडतात, मग कोळंबी असेल तर तीच खाते. मॉस आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतींपासून मात्र पेरॉक्साइड लांब ठेवा, त्या जळतात. झाडांसाठी टाकीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देत असाल तर तो रोज एकसारखा जातोय का बघा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.