मदत हवी आहे : स्विस चाकू घट्ट बसलाय, तेल कोणतं घालू?

माझा व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीचा हंट्समन रोज खिशात असतो. प्लगचा स्क्रू, दुधाची पिशवी, पार्सलची चिकटपट्टी, सगळं त्याच्यावरच. कात्री तर घरातले सगळेच मागतात (परत देताना पुसत मात्र कोणी नाही!). परवा राजगडावर त्यानेच आंबे कापले आणि रस आत गेला. आता मोठं पातं उघडताना नख तुटायची वेळ येते, करवत तर हलतच नाही. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून उघडझाप केली, थोडाच फरक पडला. शिलाई मशीनचं तेल घालावं, तर त्याच पात्याने फळं कापतो. खोबरेल थंडीत गोठतं. तुम्ही काय वापरता? आणि करवतीच्या फटीतला चिकटा काढायचा कशाने?