जुन्या मशीनला एसएसडी बसवलीत? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

नंदनवन (धागा सुरू करतोय)

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात मुलीचा २०१६ सालचा लॅपटॉप काढून टाकायच्या बेतात होतो. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद, मोबाईल लावून मोजलेली. टास्क मॅनेजर उघडलं की डिस्क कायम १०० टक्के. इंजिनिअरिंगची फी नुकतीच भरलेली, त्यात नवा लॅपटॉप म्हणजे आणखी चाळीसेक हजार. ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची ड्राइव्ह, टाकून बघा, मग ठरवा.

४८० जीबीची अडीच इंची साटा (म्हणजे जुन्या हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी आणली, तीन हजारांच्या आसपास. खालचं झाकण उघडताना सगळे स्क्रू काढले तरी एक कोपरा हलेना. जोर लावायच्या आधी टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर मागच्या रबरी पायाखाली एक स्क्रू दडलेला. हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार बारीक स्क्रूंवर बसलेली होती. तीच चौकट एसएसडीला लावली, सरकवली, विंडोज नव्याने टाकलं. आता १९ सेकंद लागतात. लेक पहिल्यांदा सुरू झालेलं बघून नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

कमी पैशांत जुन्या मशीनचा एवढा कायापालट दुसऱ्या कशाने होत नाही, हे माझं ठाम मत झालंय. पण घेण्याआधी काय विचारायला हवं होतं ते मला नंतर कळलं. म्हणून हा धागा. मशीन कोणतं, काय बसवलं, किती गेले आणि मुख्य म्हणजे कुठे अडलात, ते लिहा. चुका सांगायला संकोच करू नका, पुढच्याचे पैसे वाचतील.

मानेवाडा, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान

भाऊ, माझ्याकडं दोन जुने डेस्कटॉप, एच६१ नावाच्या जुन्या मदरबोर्डाचे. ॲडमिशनच्या दिवसांत दुकानासमोर पोरं उभी अन् मशीन हँग होऊन राहते. एकानं सांगितलं, बोर्ड जुना आहे, याले एसएसडीचा फायदा नाही, नवीन सीपीयूच घ्या. मी दोन वर्षं तेच धरून बसलो.

त्याचं अर्धं खरं होतं. या बोर्डावर साटा २ चेच, म्हणजे जुन्या अर्ध्या वेगाचे पोर्ट आहेत, म्हणून सेकंदाले ५५० एमबी देणारी एसएसडी इथं २७० च्या आसपास थांबते. पण विंडोज सुरू होतानी एक मोठी फाइल सरळ वाचत नाही, हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलते. तिथं हार्ड डिस्कचा हात मागं-पुढं धावत राहते अन् सेकंदाले एक एमबी बी निघत नाही. एसएसडीत धावणारं काहीच नाही. म्हणून पोर्ट अर्ध्या वेगाचा असला तरी फरक डोळ्यानं दिसते.

दोन्हीत २४०-२४० जीबी टाकल्या. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड जुन्या आयडीईवर होता, तो नव्या एएचसीआयवर केला. हे विंडोज टाकायच्या आधीच करा, नंतर बदललं तर निळी स्क्रीन येते. कॅबिनेटात अडीच इंचाची जागा नव्हती, डबल टेपनं चिकटवली. दीड वर्ष झालं, जागची हलली नाही.

हिंगणा रोड, हॉस्टेल

दादा, माझी चूक लिहितो, कारण माझ्या मजल्यावरच्या अजून दोघांनी तीच केली.

लॅपटॉप उघडून पाहिला, एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसायचा, रिकामा स्लॉट दिसला. बर्डीला जाऊन ५०० जीबीची एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी) घेऊन आलो. बरोबर बसली. सुरू केलं तर बायोसमध्ये दिसेना. काढून परत लावली, तीनदा. रात्री दोन वाजता कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल उतरवलं, त्यात स्वच्छ लिहिलं होतं: एम.२ साटा फक्त.

एम.२ हा नुसता आकार आहे. त्यातून साटा धावतो की एनव्हीएमई, हे बोर्ड ठरवतो. साटावाल्या पट्टीला बहुतेक दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण खाच जुळली म्हणजे चालेलच असं नाही, माझी जुळलीच होती. आकारही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. काही पातळ लॅपटॉपात ८० ची पट्टी मावतच नाही.

दुकानदाराने सील फुटलंय म्हणून परत घेतली नाही. शेवटी पाचशे रुपये तोट्यात वर्गातल्या मित्राला दिली. आणि एक. पट्टी धरून ठेवणारा इवलासा स्क्रू रिकाम्या स्लॉटसोबत बरेचदा नसतो. तो मिळवायला मला आणखी एक चक्कर पडली. दुकानातून निघतानाच मागून घ्या.

जरीपटका

लॅपटॉपात डीव्हीडी असेल तर ती काढून तिच्या जागी बसणाऱ्या चौकटीत, म्हणजे कॅडीत, जुनी हार्ड डिस्क बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, मोजूनच मागवा. एसएसडी मात्र मूळ जागीच लावा, डीव्हीडीचा पोर्ट काही मशीनमध्ये संथ असतो.

महाल, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आणि एडिटिंग

स्वस्त एक टीबी घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

मी खोक्यावरचा आकडा बघून घेतली. वाचन सेकंदाला ५५० एमबी, लेखन ५००. हळद आणि लग्न मिळून १८० जीबी फुटेज होतं. कॉपी लावली, साडेचारशेच्या वेगाने सुरू झाली. मी जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर वेग ७० वर आलेला, आणि बराच वेळ तिथेच. माझी जुनी हार्ड डिस्क याहून जास्त द्यायची! केबल बदलली, पोर्ट बदलला, काही फरक नाही.

मग समजून घेतलं. एसएसडीच्या एका पेशीत किती बिट साठवतात त्यावर सगळं आहे. टीएलसीत तीन, क्यूएलसीत चार. चार बिट लिहायला वेळ लागतो, म्हणून ड्राइव्ह आपल्याच थोड्या जागेत आधी एक-एक बिट भराभर लिहून घेते आणि मग सवडीने आत मुरवते. ही पुढची जागा भरली की खरा वेग उघडा पडतो. खोक्यावरचा आकडा त्या पुढच्या जागेचा असतो. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितकी ती जागा लहान. स्वस्त ड्राइव्हमध्ये डीरॅमही (ड्राइव्हची स्वतःची झटपट मेमरी) नसतं, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याचा नकाशा चिपमध्येच शोधावा लागतो. एनव्हीएमईला त्यासाठी संगणकाच्या रॅममधला थोडा तुकडा वापरता येतो, साटाला ती सोय नाही.

ज्यांना फक्त विंडोज, वर्ड, ब्राउझर चालवायचंय त्यांना यातलं काही जाणवणार नाही, त्यांनी खुशाल स्वस्तातली घ्यावी. माझ्यासारखं रोज शेकडो जीबी ओतणाऱ्याने टीएलसी आहे का ते विचारूनच घ्यावी. मी आता चालू काम टीएलसीवर ठेवतो, झालेली लग्नं हार्ड डिस्कवर.

आयुष्याचीही भीती घालतात, तर साधा हिशेब सांगतो. खोक्यावर किंवा साइटवर टीबीडब्ल्यू बघा, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहिता येतील. क्रुशियल बीएक्स५०० च्या ४८० जीबीला १२० आहे, सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३००. घरगुती वापरात दिवसाला २० जीबी लिहिलं तरी वर्षाचे साधारण सात टीबी होतात. १२० संपायला सोळा वर्षं लागतील. वॉरंटी पहिलीला तीन वर्षं आहे, दुसरीला पाच.

धरमपेठ, निवृत्त शिक्षिका

मी ऑनलाइन २ टीबीची बाहेरून जोडायची एसएसडी घेतली, दोन हजारांहून कमी किमतीत. यजमानांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह मी चार महिने बसून स्कॅन केल्या होत्या, १९७० पासूनच्या. सगळ्या त्यात घातल्या आणि लॅपटॉपवरून काढून टाकल्या. दिवाळीत मुलगा आला तेव्हा दाखवायला बसले. फाइलींची नावं सगळी जागच्या जागी दिसत होती. सुरुवातीच्या काही फोल्डरमधले फोटो उघडले, पुढचा एकही फोटो उघडेना.

मुलाने आवरण उघडलं. आत एका छोट्या पट्टीवर मोबाईलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड खोचलेलं होतं. संगणकाला दोन टीबी सांगायचं आणि खरी जागा संपली की पुढचं नुसतं लिहिल्यासारखं दाखवायचं, अशी त्याची रचना. निगेटिव्ह मी टाकल्या नव्हत्या म्हणून पुन्हा बसले आहे, सध्या १९८३ चालू आहे.

मुलाने एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर दाखवलं. ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. नवी वस्तू आली की आधी तेच चालवा, आणि एकाच ठिकाणी ठेवलेल्या फोटोंना सुरक्षित म्हणू नका.

नंदनवन

ताई, हे वाचून फार वाईट वाटलं. मदत लागली तर मुलीला स्कॅनिंगला पाठवतो, खरंच सांगा.

रामदासपेठ, सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम

आमच्याकडे सॉफ्टवेअर आणि जुना डेटा असल्याने नव्याने टाकणं परवडत नव्हतं, म्हणून क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली. तीन गोष्टींनी छळलं.

पहिली जागेची. ५०० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ दिसते. फसवणूक नाही, कंपनी हजारांत मोजते आणि विंडोज १०२४ त. एक टीबीच्या डिस्कवर साडेचारशेच्या वर भरलेलं असेल तर आधी आवरून घ्या.

दुसरी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. हे कुलूप चालू आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. नवी ड्राइव्ह लावल्यावर ४८ आकडी किल्ली मागायला लागलं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण ते खातं सोडून गेलेल्या मुलाच्या मेलवर होतं. त्याने फोन उचलला म्हणून निभावलं.

तिसरी एका मशीनवर विंडोज नव्याने टाकताना. जुनी डिस्क जोडलेलीच ठेवली होती. इन्स्टॉलरने बूटची फाइल तिच्यावर ठेवली आणि विंडोज एसएसडीवर. पुढे जुनी काढली तर सुरूच होईना. विंडोज टाकताना फक्त एसएसडी जोडलेली असू द्या. इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसलीच नाही तर घाबरू नका, व्हीएमडीचा (इंटेलच्या ड्राइव्ह हाताळणाऱ्या सोयीचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

सीताबर्डी, दुरुस्तीचं टेबल

अठरा वर्षं हेच काम करतोय. नागपूरच्या मे महिन्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाहेर ४५ असतं तेव्हा बिनएसीच्या खोलीत कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा विचार करा. बहुतेक एसएसडी ७० अंशांपर्यंत चालवायला बनवलेल्या असतात, त्यापुढे तापली की एनव्हीएमई स्वतःच वेग कमी करते. गिऱ्हाईक म्हणतं, सकाळी ठीक असतं, दुपारी मरगळतं. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून तापमान बघा, फुकट आहे.

मागच्या मे मध्ये एक मशीन आलं, त्यातल्या एनव्हीएमईवर उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची चांगली पट्टी लावलेली, तरी ७८ अंश. उघडलं तर मधल्या थर्मल पॅडवरचा (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ तुकड्यावरचा) निळा प्लास्टिकचा कागद तसाच. उष्णता पट्टीपर्यंत पोचतच नव्हती. कागद सोलला, परत बसवली, तेच काम करताना ६१. आणखी एक सांगतो. कूलरच्या थेट झोताखाली सीपीयू ठेवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून सॉकेटवर जो थर बसतो तो मी ब्रशने खरवडून काढतो.

डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइलींची जुळवाजुळव) करू नका, पण 'ऑप्टिमाइझ'चं वेळापत्रक बंदही करू नका. विंडोजला ड्राइव्ह एसएसडी आहे हे कळलेलं असेल तर ते त्यात ट्रिम चालवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवतं.

कामठी, शाळेचे संगणक शिक्षक

लॅबमधल्या बारा संगणकांपैकी सातच चालायचे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ यांच्यावर बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. वरून नवे संगणक कधी मिळतील ते सांगता येत नव्हतं.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती केली, प्रत्येकाने एक १२० जीबीची एसएसडी द्यावी. बारा आल्या. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकली, मराठी कीबोर्ड लावला. दोन रविवार लागले. दहावीची चार मुलं मदतीला होती, शेवटचे पाच संगणक त्यांनीच उघडले, त्यांनीच बसवले. एकीने प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्याच्या-त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला होता.

पूर्वी पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली आठ-दहा मशीन सुरू होण्यात जायची, म्हणून मी मधल्या सुट्टीतच येऊन बटणं दाबून ठेवायचो. आता मुलं स्वतः येऊन दाबतात.