फोटो वाढले म्हणजे बिबटे वाढले असं नाही
कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे समोर उष्णता आणि हालचाल जाणवली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत, यंदा फोटो जास्त आले की उद्यानात बिबटे वाढले, असं काही जण म्हणतात. तसं नसतं. एकच बिबट्या त्याच वाटेवर दहादा टिपला जातो, म्हणून आधी ठिपक्यांवरून प्राणी वेगळे करावे लागतात. दोन्ही कुशींवरची नक्षी वेगळी असते. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. अगदी समोरासमोर लावू नका, एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. समोरचं गवत कापायचं हमखास राहतं, मग उन्हाने तापून डोलणाऱ्या पात्यांचेच हजारो फोटो आणि बॅटरी खलास! ओळख पटलेले किती प्राणी पुन्हा टिपले गेले, यावरून न टिपलेल्यांचा अंदाज निघतो. तो काढल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करण्यात अर्थ नाही.